पोळ्यांच्या डब्यात बंद केलेला फोन

"आमची सून आत हाय का?"

गेटाशी उभी असलेली बाई विचारत होती. तिच्या एका हातात मोबाईल होता, दुसऱ्या हातात बकरीचं दावं. बकरी गेटाच्या फटीतून तोंड घालून माझ्यापुढची मेथी बघत होती.

मी काही बोलले नाही. याच प्रश्नाचं उत्तर न देण्याचा मला पगार मिळतो. हो म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही.

"मुकी हाय का बाई?" ती म्हणाली. "माझं पोरगं फोनवर बोंबलून राहिलं. त्याला मोबाईलात दिसतं म्हणे, सून या घरात हाय. पिवळं घर, निळं गेट. हेच की न्हाई?"

घर पिवळं होतं. गेट निळं होतं. आणि तिची होणारी सून आतल्या खोलीत मॅडमसमोर बसलेली होती.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

कळमनुरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत तेव्हा आमच्या कामाचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. तिथे विद्यापीठातल्या एका मॅडमचं संशोधन चालायचं. विषय मानसशास्त्राचा. अठरा वर्षांवरची कॉलेजची मुलंमुली मोबाईलवरून एकमेकांच्या किती जवळ येतात, आणि ते जवळ येणं कुठे त्रासाचं होतं, हे समजून घ्यायचं. पासवर्ड कुणी कुणाला देतं का. मागितला आणि दिला नाही तर काय होतं. मेसेज वाचून उत्तर दिलं नाही तर भांडण होतं का. कुणी धमकी देतं का, फोटो सगळ्यांना दाखवीन म्हणून किंवा जीव देईन म्हणून.

मुलांशी मॅडमचे सहकारी सर बोलतात, मुलींशी मॅडम. आधी मला वाटायचं, हा त्रास फक्त मुलीच सोसत असतील. मग एक दिवस सरांच्या खोलीतून एक धिप्पाड पोरगं डोळे पुसत बाहेर आलं आणि माझी समजूत गेली. त्याचा फोन कोण तपासत होतं ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

माझं काम सोबतिणीचं. मुलीचा इंटरव्ह्यू चालू असताना एक बाई तिला दिसेल अशी बसलेली हवी, पण तिला बोलणं ऐकू येता कामा नये. मुलीला धीर राहतो आणि तिचं बोलणंही तिच्यापाशी राहतं. मी पडवीत बसते. भाजी निवडते, पाणी देते, दाराकडे लक्ष ठेवते.

त्याआधी मी हिंगोलीला मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करायचे. मॅडम तिथे जेवायला यायच्या. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन हे काम सांगितलं.

मी म्हटलं, "मॅडम, मला चार माणसांत बोलता येत नाही. शिक्षण चौथी."

"बोलायचं काम माझं आहे गिरजाताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त बसायचं. तुमच्याजवळ मुली निवांत बसतात, हे मी पाहिलंय."

मला कुणी कधी फक्त बसायचं काम दिलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मग ट्रेनिंग झालं. दोन शब्द मला नवीन होते. एक, संमती. मुलीने समजून घेऊन हो म्हटल्याशिवाय एकही प्रश्न विचारायचा नाही, आणि ती मधेच उठली तरी का म्हणून विचारायचं नाही. दुसरा, गोपनीयता. इथे कोण आलं, कोण नाही, हे कुणालाच सांगायचं नाही. आईला नाही, बापाला नाही, पोलीस पाटलाला नाही. हा नियम मला सोपा गेला. मी मुळातच कमी बोलते.

आणखी एक गोष्ट होती, तिला आम्ही 'दुसरे प्रश्न' म्हणतो. अशा संशोधनात खोलीत अचानक कुणी शिरलं आणि त्याने खरे प्रश्न ऐकले, तर मुलीला घरी गेल्यावर त्रास होऊ शकतो. म्हणून मॅडमकडे खाण्यापिण्याचे काही प्रश्न कायम तयार असतात. कुणी आलं की लगेच ते सुरू करायचे.

पण कुणी आलंय हे आत कळणार कसं? ठरलं असं, की मी दारातून मोठ्याने विचारायचं, "मॅडम, चहा टाकू का?" सरावाच्या दिवशी मी विचारलं. आवाज दारापर्यंतसुद्धा गेला नाही. सर हसले. परत विचारलं, तेव्हा तर घशातून निघालाच नाही. मला वाटलं, गेलं काम.

मॅडम उठल्या, आतून एक स्टीलचा ग्लास आणून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हा खाली टाका."

टाकला. फरशीवर केवढा तरी आवाज झाला, शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

"झालं, चहा रद्द," मॅडम म्हणाल्या. "सर, लिहून घ्या. ग्लास पडला की दुसरे प्रश्न."

एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्यांची किती ऋणी आहे ते त्यांना माहीत नसेल. माझा आवाज मोठा करायला आजवर सगळ्यांनी सांगितलं. आवाजाऐवजी दुसरं काही चालेल का, हे पहिल्यांदा त्यांनी पाहिलं.

आता फोनचं. आत जाण्याआधी प्रत्येक मुलीने आपला फोन बंद करून माझ्याजवळच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवायचा. फोन चालू असला की रेकॉर्डरमध्ये घरघर येते, आणि मधेच कुणाचा कॉल आला की मुलगी बोलायची थांबते. दोन्ही कारणं खरी होती. नियम सगळ्यांना बराबर वाटत होता. डबा मीच घरून आणलेला.

त्या दिवशी ज्योती आली. हे तिचं खरं नाव नाही. वय वीस, गाव सेनगाव तालुक्यातलं, कळमनुरीत खोली करून नर्सिंगचा कोर्स करत होती. तिची सोयरीक आत्याच्या मुलाशी ठरलेली. आमच्याकडे बहिणीच्या मुलाला भावाची मुलगी देतात, हे जुनंच आहे. अशा मुली आधी आमच्या कामात सापडतच नव्हत्या. मॅडम विचारायच्या, कुणी जोडीदार आहे का? मुली म्हणायच्या, छे, न्हाई. साखरपुडा झालेला आत्याचा मुलगा त्यांच्या लेखी जोडीदार नव्हता, घरचं माणूस होतं. मॅडमना हे लवकरच उमगलं आणि त्यांनी विचारायची रीत बदलली. हल्ली साखरपुड्यात मुलाकडून मुलीला मोबाईल देतात. त्या फोनबद्दल विचारलं की मुली बोलायला लागायच्या.

ज्योतीने फोन हातात धरून ठेवला होता. डब्यात टाकेना.

"मावशी, बंदच करावं लागतं का?"

"व्हय."

"बंद केला तर तकलीफ होती जरा."

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "नको असेल तर आज नको. केव्हाही ये. यायचंच असंही काही नाही."

ज्योतीने विचार केला. मग स्वतःच फोन बंद केला. "आज बाजार हाय, आजच जमतं," म्हणाली. "पुन्हा जमणार न्हाई."

बाजाराचा दिवस आम्हीच मुद्दाम निवडला होता. गर्दीत कोण कुठे गेलं कुणी बघत नाही, असा हिशेब. पण त्याच बाजारात ज्योतीची आत्या बकरी विकायला आली होती, आणि तिच्या मुलाने वाळूजच्या कंपनीतून तिला फोनवर वाट सांगत सांगत आमच्या गेटापर्यंत आणलं होतं.

गेटाला कडी नव्हती. आत्या आत आली. बकरी तिच्याही आधी आत आली.

मी ग्लास उचलला आणि टाकला.

"हात कापतात व्हय गं?" आत्या म्हणाली. तिने वाकून ग्लास उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

आतून आवाज बदलला नाही. नंतर मॅडम म्हणाल्या, ज्योती तेव्हा रडत होती, म्हणून त्यांना ऐकूच आलं नाही. मला ते माहीत नव्हतं. मी ग्लास पुन्हा टाकला, या वेळी जोरात. त्याची कड वाकली.

"अगं, भांडं फोडती का काय!" आत्या बोलली. "बस खाली. मी काय खायला आली न्हाई तुला."

आतून मॅडमचा मोठा आवाज आला. "आठवड्यातून पालेभाजी किती वेळा खाता?"

माझा जीव जागेवर आला. मी आत्याला पाणी दिलं. ती पायरीवर टेकली; तिथून आतली खोली दिसत नव्हती. उन्हातून आली होती. दोन ग्लास पाणी पिऊन तिने दम घेतला आणि आपणहूनच सांगायला लागली.

"पोरीनं त्याला सांगितलं कॉलेजात हाय. त्याला मोबाईलात इथं दिसती. मंग फोन बंद. त्यो म्हणतो, खोटं सापडलं तर कॉलेज बंद अन् याच उन्हाळ्यात लगीन. माझ्या भावानं तसा शब्द दिलाय त्याला." तिने पदराने तोंड पुसलं. "खोटं सापडलं तर मलाबी काही बोलता येणार न्हाई ना बाई. तू सांग, हाय का न्हाई ती आत?"

आता मला कळलं की नियम कुठे अडकला आहे. मी गप्प राहिले तर ज्योती खोटी ठरते. हो म्हटलं तर मीच नियम मोडते. नाही म्हटलं तर मोबाईलच मला खोटं पाडतो. आणि या सगळ्यात जाणार होता तो ज्योतीचा कोर्स. शेवटचं वर्ष होतं तिचं.

तेवढ्यात आत्याचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. तिने मोबाईल उलटा धरला, मग सुलटा केला.

"आई, पोचली का? हाय का ती?"

"आरं दम तर घे. आता पाणी पिली मी."

"खोली दाखव. मोबाईल फिरव. सगळं घर दाखव."

आत्याने मोबाईल फिरवला. त्यात आधी माझे पाय आले असतील, मग डबा, मग बकरी. बकरी माझ्या मेथीत तोंड घालून उभी होती.

"बकरी काहून दाखवती? माणसं दाखव!"

"माणसाआधी बकरीच हाय इथं, मी काय करू? तुझं ऐकून बाजार सोडून आली, गिऱ्हाईक गेलं माझं." तिने कॉल कापला आणि मोबाईल पोलक्यात खोचला. "माझ्यावर बी शिपायावाणी हुकूम करून राहिला बघ."

मॅडम बाहेर आल्या. आत्या उठून उभी राहिली. मॅडमनी नमस्कार केला आणि तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या, म्हणून तिलाही परत बसावं लागलं.

"मावशी, इथे कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या तुम्ही माझ्याकडे आलात आणि तुमच्या मुलाने विचारलं, तर त्यालाही सांगणार नाही."

"मी काहून येईन तुमच्याकडं?"

"आलात तर."

आत्याने मॅडमकडे नीट पाहिलं. "काय इचारता तुमी पोरींना?"

मॅडम म्हणाल्या, "ते पण सांगता येत नाही. पण चहा देता येतो. गिरजाताई, चहा ठेवता का?"

रद्द झालेला चहा शेवटी खरोखरच करावा लागला. त्या निमित्ताने मॅडमनी मला आत पाठवलं. दाराजवळ हळूच म्हणाल्या, "तिला सांगा, मागचं दार उघडं आहे. पुढे यायचं तरी ठीक, थांबायचं तरी ठीक. तिने ठरवायचं. तुम्ही काही सुचवू नका."

ज्योती भिंतीला टेकून बसली होती. आत्याचा आवाज तिने ऐकला होता. मी मागच्या दाराचं सांगितलं.

"मावशी, तुमी काय केलं असतं?"

मॅडमनी सुचवू नका म्हटलं होतं. मी जे खरं होतं तेवढं सांगितलं. "मला न्हाई सांगता येत. मी कधी कुणापुढं बोललेच न्हाई."

चहाला उकळी आली.

"आत्यानं पाणी पिलं का?"

"पिलं."

"रागात हाय?"

"बकरीवर रागात हाय."

ज्योती हसली. मग पुन्हा रडली, मग तोंड धुतलं. "मागच्या दारानं गेले तर जन्मभर मागच्या दारानंच जावं लागंल," ती म्हणाली, आणि चहाचे कप स्वतः उचलून पुढे निघाली.

आत्याने तिला पाहिलं. पहिलं वाक्य मला वाटलं तसं नव्हतं.

"डोळे काहून सुजले तुझे?"

ज्योतीने कप खाली ठेवले. माझ्याकडे वळली. "मावशी, माझा फोन द्या."

मी डबा उघडून दिला. तिने फोन चालू केला. थोडा वेळ काही झालं नाही, मग मेसेज यायला लागले. एकामागून एक, थांबेचनात. आत्याला वाटलं फोन बिघडला.

"आत्या, तुला वाचता येत न्हाई," ज्योती म्हणाली. "पण यातलं निम्मं त्यानं बोलून धाडलंय. ऐकती का?"

मॅडम लगेच म्हणाल्या, "ज्योती, तुझी इच्छा असेल तरच."

"माझीच इच्छा हाय मॅडम."

ती एकेक लावत गेली. पहिल्यात गणेश, म्हणजे आत्याचा मुलगा, नरमाईने बोलत होता. कुठं हायस, जेवली का, फोन काहून बंद. पुढच्यात आवाज चढला. खोली दाखव. कोण हाय संगं. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. आईबापावरून बोलला. कॉलेजातून केस धरून आणीन म्हणाला. शेवटच्यात रडत होता, माफ कर म्हणत होता, तुझ्याबिगर मला कोणी न्हाई म्हणत होता.

"हे आजचंच न्हाई," ज्योती म्हणाली. "रोजचं हाय. झोपताना व्हिडिओ चालू ठेवायचा. हॉस्पिटलात ड्युटीवर असले तर वॉर्ड दाखवायचा. मास्तरनीनं दोनदा काढलं मला वर्गाबाहेर. तू दिलेला फोन हाय आत्या, म्हणून मी फेकला न्हाई."

फोन आत्यानेच घेऊन दिला होता, साखरपुड्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर. दोन बोकड विकले होते त्यासाठी, हे तिने नंतर सांगितलं.

आत्या म्हणाली, "तो मधला परत लाव."

ज्योतीने लावला. आत्या डोळे मिटून ऐकत होती.

"ह्यो गणेशचा आवाज न्हाई," ती म्हणाली. "ह्यो त्याच्या बापाचा हाय. मी पाण्याला गेली की असंच. इतका येळ काहून लागला, कोण भेटलं. मला वाटलं, त्यो मेला तवा सुटली मी."

कुणी काही बोललं नाही. बकरीसुद्धा खायची थांबली होती, कारण मेथी संपली होती.

पोलक्यातला मोबाईल पुन्हा वाजला. या वेळी आत्याने तो बराबर धरला.

"आई, सापडली का?"

"सापडली. माझ्याजवळ बसलीय. आता तिला काही इचारू नको. मला इचार."

"तुला काय इचारू?"

"तिला इचारतो तेच. इचार, आई, कुठं हायस. कोणासंगं हायस. फोन काहून बंद केला. इचार ना."

पलीकडून आवाज नाही.

"आईला इचारायला जीभ रेटत न्हाई तुझी? मंग मामाच्या लेकरावर कशी रेटती रं? ऐकलं मी सगळं तू काय धाडलंय ते. सुट्टी काढ अन् घरी ये. त्याच्याआधी एकबी फोन करायचा न्हाई. मला बी न्हाई."

तिने कॉल कापला. मी तिच्यापुढे ग्लास सरकवला, ती म्हणाली, "नको, माझ्या हातून बी पडंल." पहिल्यांदा आम्ही चौघी हसलो.

मला वाटलं, मिटलं. मॅडमना तसं वाटलं नव्हतं. आत्या लगेच म्हणत होती, ते लोकेशन का काय ते बंद करून टाक. मॅडमनी तिचा हात धरला. म्हणाल्या, एकदम बंद केलं की असा माणूस आणखी चिडतो, कधीकधी निघूनही येतो. त्यांनी ज्योतीला एकटीला आत नेलं. आज रात्री कुठे झोपणार, खोलीवर सोबत कोण आहे, भीती वाटली तर आधी कुणाला फोन करणार, हे सगळं विचारून ठरवलं. समुपदेशन करणाऱ्या ताईंचा नंबर दिला. अडचणीत सापडलेल्या माणसाशी बोलून त्याला वाट काढायला मदत करणारी व्यक्ती, असा त्या मोठ्या शब्दाचा अर्थ आहे. पुढच्या आठवड्यात ज्योतीने त्यांच्यासमोर बसून लोकेशन बंद केलं, आणि गणेशला तसं आधी सांगून केलं.

शेवटी मॅडम ज्योतीला जे म्हणाल्या ते मी आजपर्यंत कुठल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "फोन बंद करायचा नियम माझा होता. तो तुला सुरक्षित ठेवण्यासाठी केला आणि त्यानेच तुला अडचणीत आणलं. मी माफी मागते."

ज्योती म्हणाली, "मॅडम, बंद फोन म्हणजे आमच्याकडं चोरी केल्यावाणी हाय. तुमाला काय माहीत."

"विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी काम थांबवलं आणि विद्यापीठाच्या समितीला सगळं कळवलं. लोकांवर संशोधन करताना कुणाला इजा होत नाही ना, हे बघणारी ही समिती असते. मला वाटलं आता मॅडमना बोलणी बसणार, माझंही काम जाणार. समितीने बरेच प्रश्न विचारले, पण नियम बदलून काम पुढे चालू ठेवायला सांगितलं.

आता फोन बंद करत नाहीत. आवाज बंद करून, मुलीला दिसेल असा दारात ठेवतात. कॉल आला तर घ्यायचा की नाही हे ती ठरवते, रेकॉर्डर थांबतो. घरही बदललं. आता खोली शिलाई क्लासच्या वर आहे. तिथे पोरी येतात याचं कुणाला नवल वाटत नाही. लोकेशन दिसलं तर दिसू दे.

गणेश सुट्टी काढून आला. आईसोबत एकदा त्या ताईंकडे गेला, नंतर एकदा एकटा. पुढे गेला नाही. आत्याने स्वतः भावाच्या घरी जाऊन भावाला त्याने गणेशला दिलेल्या शब्दातून मोकळं केलं. ज्योतीचा कोर्स पूर्ण झाला, ती आता हिंगोलीला एका दवाखान्यात नोकरीला आहे. लग्न ठरलेलंही नाही, मोडलेलंही नाही. ज्योती म्हणते, "ते मी सांगंन." एवढं म्हणायला तिला जागा मिळाली, मला तेच पुष्कळ वाटतं.

मी हे लिहून ठेवते म्हटल्यावर ज्योती म्हणाली, नावं बदला आणि खुशाल लिहा. आत्या म्हणाली, माझं नाव बदल, पोराचं बदल, बकरीचं बदलू नको. बकरीचं नाव चांदी.

आत्याला आमच्या कामावर यायचं होतं. "ही बाई तर बोलत न्हाई," मला दाखवून मॅडमना म्हणाली, "दारात बोलणारं माणूस नको का तुमाला?" मॅडमनी नियमाप्रमाणे नकार दिला. म्हणून आता ती बाजाराच्या दिवशी शिलाई क्लासच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बकऱ्या घेऊन बसते. कुणी चौकशीला आल्यासारखा जिन्याशी घुटमळला तर त्याला बकरी घेतो का विचारते. रस्ता सरकारचा आहे, तिला उठवता येत नाही.

वाकलेला ग्लास मॅडमनी टाकू दिला नाही. तो सरळ उभा राहत नाही, म्हणून मी त्यात पेनं ठेवते. नवीन ग्लास आणलाय, तो अजून एकदाही टाकावा लागलेला नाही.

संमती घेतल्यावर, आत नेण्याआधी माझ्यासमोरच मुलीला विचारायचा पहिला प्रश्न आता बदलला आहे. तो ज्योतीच्या बोलण्यातून आला आणि मॅडमनी तो सगळ्यात वर घातला. फोन बंद झाला, तर तुला शोधायला कोण निघतं? उत्तर आलं की पुढचं काम कसं करायचं ते त्यावर ठरवतो. कधीकधी मुलगी म्हणते, कोणी न्हाई. मग मी निवांत भाजी निवडते.